ट्रेनरवरचा तास आणि रस्त्यावरचा तास: वॅट तेच, मग दमछाक वेगळी का?

पावसाळीस्वार | ६ जुलै, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी,

पुण्यात पावसाने मुक्काम ठोकलाय. पौड रस्त्यावर खड्डा कुठला आणि डबकं कुठलं हे चाक आत गेल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे जूनच्या मध्यापासून सायकल घरातच आहे, डायरेक्ट-ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र). मागचं चाक काढायचं, चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गियरच्या संचावर) चढवायची, तो प्रकार.

उन्हाळ्यात मुळशीच्या रस्त्यावर पहाटे १६० वॅटला माझे हृदयाचे ठोके १४०-१४२ असायचे आणि दोन तास तिथेच टिकायचे. पेडलमध्ये पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर आहे, त्यामुळे आकडा अंदाजाचा नाही. आता घरात तेच १६० धरले की पंधरा मिनिटांत ठोके १४५ होतात, पाऊण तासाने १५५ च्या पुढे जातात. तास संपला की बाहेरचे दोन तास करून आल्यासारखं वाटतं.

आमच्या ग्रुपात यावर तट पडले आहेत. काही म्हणतात ट्रेनरचा एक तास म्हणजे बाहेरचा दीड तास धरायचा. काही म्हणतात घरात वारा नाही, चढ नाही, खड्डे नाहीत, मग कष्ट कसले? त्यात अ‍ॅप मला ताशी ३१-३२ चा वेग दाखवतं, बाहेर मी त्याच ताकदीत २५-२६ ने जातो.

नोव्हेंबरात ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे, वेळमर्यादा २० तास. तोवर बरीचशी तयारी घरातच होणार. तर घरातले तास मोजायचे कसे? ट्रेनर वॅट चुकीचे दाखवतोय का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

जुनीसायकल | ६ जुलै, रात्री १०:०२

वेगाचं आधी उरकून टाकू. ट्रेनरवरचा वेग बघूच नका. चुंबकाच्या साध्या ट्रेनरवर मागचं चाक किती फिरलं एवढंच मोजलं जातं, गियर बदलला की वेग बदलतो. स्मार्ट ट्रेनरचं अ‍ॅप तुमचं वजन, उंची आणि वॅट घेऊन गणिताने वेग काढतं, आणि त्या गणितातला रस्ता गुळगुळीत असतो, समोरून वारा नसतो, स्पीडब्रेकर नसतात, चांदणी चौक नसतो. किलोमीटरही त्याच हिशेबातले. घरातल्या सरावात किलोमीटर लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही. वेळ आणि वॅट लिहा.

---

वातचक्र | ७ जुलै, सकाळी ६:४८

वॅटचं गणित एकदा मांडून ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, हात ब्रेकच्या हुडवर, पुण्याच्या उंचीवरची हवा, बरा डांबरी रस्ता, वारा पडलेला. ताशी २५ ला साधारण १०० वॅट लागतात. ताशी ३० ला १५५-१६०. वेग पाचव्या हिश्श्याने वाढला, पण ताकद दीडपटीच्या वर गेली, कारण हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. आता त्याच २५ च्या वेगाला समोरून ताशी १० चा वारा धरा. म्हणजे पानं हलवण्याइतकाच. १०० वॅटचे थेट १६५ होतात. उलट कोणाच्या तरी मागे चिकटून गेलात तर हवेचा भार पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. म्हणून बाहेरच्या वेगावरून कष्ट ओळखता येत नाहीत, आणि "मी घरात ३२ ने जातो" यावरून तर मुळीच नाही.

मोजमापाबद्दल: पेडलमधला मीटर पायाची ताकद उगमाशी मोजतो. ट्रेनर ती चेन आणि गियरमधून आल्यावर मोजतो, वाटेत २-४ टक्के खर्च होतात. शिवाय दोन्ही उपकरणांना स्वतःची एक-दोन टक्क्यांची फट असतेच. तेव्हा पेडल १६५ आणि ट्रेनर १६० दाखवत असेल तर दोघंही बरोबर आहेत. तुमच्याकडे पेडल मीटर आहे ना? मग घरातही आकडा त्याचाच घ्या, म्हणजे तुलना एकाच फूटपट्टीने होईल. टायर रोलरवर टेकवण्याचा ट्रेनर असणाऱ्यांनी मात्र दहा मिनिटं चालवून टायर तापल्यावर कॅलिब्रेशन करावं. थंड टायर आणि गरम टायर यांत फरक पडतो.

पेडलचाच आकडा घेऊनही ठोके दहा-बाराने जास्त असतील, तर ट्रेनर चुकत नाही. शरीर खरंच जास्त खर्च करतंय. तो खर्च कुठे होतो ते दुसऱ्या कोणी सांगावं, माझा प्रांत यंत्रांचा.

---

ठाणेकर_डॉक्टर | ७ जुलै, दुपारी १:३०

तो खर्च उष्णतेत आहे.

सायकल चालवताना आपण खाल्लेल्या ऊर्जेपैकी २०-२५ टक्केच पेडलपर्यंत पोचते. बाकी सगळी उष्णता. १६० वॅट पेडलला द्यायचे तर शरीर साडेपाचशे-सहाशे वॅट उष्णता तयार करतं. म्हणजे खोलीत तुम्ही स्वतःच एक छोटा हीटर लावून बसला आहात. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम, आणि घाम गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तुमच्या तासाभराच्या उष्णतेला पाऊण ते एक लिटर घाम *पूर्ण वाळावा* लागेल.

बाहेर ताशी २५-३० चा वारा अंगावरून जातो, घाम आल्याचं कळतही नाही. घरात हवा जागच्या जागी. अंगाभोवतीची हवा ओली होते, घाम टपटप खाली पडतो आणि थंडावा देत नाही. जुलैत खिडकी उघडली तरी आत येते ती दमट हवाच. मग शरीर रक्त त्वचेकडे वळवतं. घामामुळे रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्यात ढकललं जाणारं रक्त कमी होतं, तेवढंच काम करायला हृदय जास्त वेळा धडकतं. ताकद तीच असताना ठोके हळूहळू चढत जाणं याला आम्ही कार्डिअ‍ॅक ड्रिफ्ट म्हणतो. तुमचे १४५ वरून १५५ झाले ते हेच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. घरात ठोके चढले की बरेच जण "चला, फिटनेस वाढतोय" म्हणून खूश होतात. यातले दहा ठोके पायांच्या कामाचे नाहीत, तापलेल्या अंगाचे आहेत. चाळिशीपुढच्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बंद खोलीत हे दामटू नये. चक्कर, मळमळ, अंगावर काटा, यातलं काहीही झालं तर थांबायचं.

---

घाटवेडी | ७ जुलै, रात्री ८:५५

डॉक्टरताई, फार छान लिहिलंत. मला यात एक भर घालायची आहे, कारण तुलना मुळात चुकीच्या रस्त्याशी होतेय असं मला वाटतं.

पावसाळीस्वार, तुम्ही ट्रेनरची तुलना मुळशीच्या रस्त्याशी करताय. सिंहगडाशी करून बघा.

गोळेवाडीपासून वर साधारण नऊ किलोमीटर, सहा-साडेसहा टक्क्यांचा सरासरी चढ, मध्ये जास्तच तिखट तुकडे. वातचक्र यांच्याच ८० किलोंना तिथे ताशी १० ने चढायला १६० वॅटच लागतात, म्हणजे सपाटीवरच्या ३० इतकेच. पण ताशी १० ला वारा कुठून येणार? मागून झुळूक असेल तर अंगाला हवा लागतच नाही. आणि पाय थांबवले तर सायकल पाच-सहा मीटरमध्ये उभी. घाटात पेडल न मारता पुढे जाण्याची सोयच नाही. माझ्या फायलींमध्ये सिंहगडावर १६० ला ठोके ट्रेनरच्या आकड्यांना जाऊन भिडतात, मुळशीच्या नव्हे.

पायांना काय वाटतं तेही बघा. सपाटीवर ३० ने जाताना ८० किलो वस्तुमानात २८०० ज्यूल साठलेले असतात. पाय वर-खाली होताना ताकद कमी पडते ते क्षण हा साठा भरून काढतो. घाटात ताशी १० ला तो साठा ३०० ज्यूलवर येतो, नवव्या हिश्श्यावर, त्यामुळे प्रत्येक पेडल नव्याने ढकलावं लागतं. ट्रेनरचं फ्लायव्हील (आतलं जड फिरतं चाक) हा साठा देण्याचा प्रयत्न करतं, पण बहुतेकांचं तेवढं जड नसतं. म्हणून मांडीच्या पुढच्या स्नायूला ट्रेनरवर ओढ जास्त जाणवते. पुढची मोठी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे लहान गियर लावलात तर फ्लायव्हील जोरात फिरतं आणि सपाटीसारखं वाटतं. लहान चेनरिंग लावलीत की घाट. त्याच वॅटला दोन्ही करून पाहा, फरक पहिल्या मिनिटात कळेल.

तर माझं म्हणणं असं: ट्रेनर म्हणजे न संपणारा घाट, ज्याला उतार नाही. त्याची दमछाक घाटाच्या मापाने मोजा. पसरणी किंवा आंबेनळी चढून आल्यावर "एवढा का थकलो" असं आपण विचारत नाही.

---

जुनीसायकल | ७ जुलै, रात्री ९:४०

+१. हे आवडलं. पेडल न मारता जाण्याचा मुद्दा मोठा आहे. माझ्या खडकवासला-पानशेतच्या राइडमध्ये जवळपास पाचवा हिस्सा वेळ पाय स्थिर असतात: उतार, वळणं, गाईम्हशी, सिग्नल. तीन तासांत पायांनी काम केलं ते अडीच तासांपेक्षा कमी. "दीड तास बरोबर एक तास" ही म्हण बहुतेक इथून आली असावी.

---

सडेतोड_कोल्हापूर | ८ जुलै, सकाळी ७:२०

मी थोडा विरोध नोंदवतो. ट्रेनरची इतकी तरफदारी पटत नाही.

तुम्ही सगळे *सरासरी सारखी* धरून बोलताय. पण बाहेरची १६० ची सरासरी कशी बनते? उतारावर शून्य, टेकाडावर ३००, सिग्नल सुटल्यावर ४००, ट्रकच्या पुढे निघायला आणखी. घरातली १६० म्हणजे सरळ रेषा. स्नायूंना सरळ रेषा परवडते, हे झटके परवडत नाहीत. म्हणून तर अँड्र्यू कॉगन यांनी नॉर्मलाइज्ड पॉवर काढली: तीस सेकंदांची सरकती सरासरी, तिचा चौथा घात, त्याची सरासरी, मग चौथं मूळ. मोठ्या आकड्यांना जास्त वजन मिळतं. आमच्या गगनबावडा राइडला सरासरी १५० आणि नॉर्मलाइज्ड १८० असं सर्रास येतं. घरात दोन्ही आकडे जवळपास एकच. सरासरीवरून तुलना केलीत तर बाहेरच्या कष्टांवर अन्याय होतो.

आणि खांदे, मनगटं, कंबर, मान? उभ्याने पेडल मारताना सायकल डावी-उजवीकडे झुलवणं, खड्डा चुकवणं, साडेतीन तास सावध राहणं? घरातला तास याची किंमत कशी लावणार?

---

वातचक्र | ८ जुलै, सकाळी ८:०५

मान्य आहे, आणि याने घाटवेडी यांचा मुद्दा खोटा पडत नाही. तासाला तास लावला तर घर जड, सरासरी वॅटला वॅट लावले तर रस्ता जड. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. म्हणून मी किलोज्यूल लिहितो. १६० वॅट एक तास म्हणजे ५७५ च्या आसपास किलोज्यूल, आणि शरीराची कार्यक्षमता बघता तेवढ्याच कॅलरी धरल्या तरी चालतात. त्याच्या शेजारी नॉर्मलाइज्ड पॉवर आणि ठोके. या तीन आकड्यांत घर आणि बाहेर बऱ्यापैकी एका पातळीवर येतात.

---

मिनेसोटाकर | ८ जुलै, सायंकाळी ७:१०

मी मूळचा साताऱ्याचा. इथे नोव्हेंबर ते मार्च सायकल बाहेर काढणं कठीण, उणे २० ला चेनवरचं तेलही घट्ट होतं. त्यामुळे वर्षातला मोठा काळ ट्रेनरवरच जातो.

डॉक्टरांच्या मुद्द्याचा पुरावा माझ्या गॅरेजमध्ये आहे. हिवाळ्यात तिथे ५-७ अंश असतात. त्यात पंखा लावून बसलो की १८० वॅटला ठोके बाहेरच्या इतकेच, एक-दोन इकडे-तिकडे. तोच ट्रेनर, तोच मी, मे महिन्यात वर खोलीत पंख्याविना बसलो तर पंधराने जास्त. म्हणजे फरकाचा मोठा वाटा हवेचा आहे.

सीलिंग फॅनवर भिस्त ठेवू नका, त्याचा वारा डोक्यावर पडतो आणि पसरतो. जमिनीवर ठेवायचा मोठा पंखा समोर, छातीकडे तोंड करून, आणि जमलं तर दुसरा पाठीमागून. सराव सुरू करतानाच लावायचा, घाम फुटल्यावर नव्हे.

झ्विफ्ट (ट्रेनरवर आभासी रस्ते दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: त्यात ट्रेनर डिफिकल्टी म्हणून एक पट्टी असते, मुळात ५० टक्क्यांवर असते. त्यामुळे आठ टक्क्यांचा चढ पायाला चार टक्क्यांसारखा लागतो. पण वर पोचायला लागणारी ताकद कमी होत नाही. फक्त गियर कमी बदलावे लागतात. "घरात घाट सोपा जातो" असं म्हणणाऱ्यांनी ती पट्टी १०० वर नेऊन पाहावी, तेव्हा कळतं आपले गियर पुरतात की नाही.

अर्ग मोडबद्दलही. त्यात ट्रेनर वॅट पकडून ठेवतो: केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) कमी झाला की प्रतिरोध वाढवतो. दमल्यावर पाय मंदावतात, ट्रेनर आणखी घट्ट होतो, पाय आणखी मंदावतात, आणि शेवटी पेडल हलत नाही. रस्त्यावर दमलात तर वेग कमी होतो आणि सुटका होते. ही सुटका अर्ग मोडमध्ये नाही. लांब, संथ सरावाला तो बंद ठेवलेला बरा.

---

नाशिकचा_रँडो | ८ जुलै, रात्री १०:२५

पावसाळीस्वार, मी तुमच्या बीआरएमकडे येतो, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

घरात कमावलेली ताकद रस्त्यावर चालते का? चालते. मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचा हात २०१६ च्या फेब्रुवारीअखेर शर्यतीत मोडला. प्लास्टरमधला हात शिडीवर टेकवून तो घरात ट्रेनर चालवत राहिला आणि एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे जिंकला. दगडी फरसबंदीची, सगळ्यांत खडतर एकदिवसीय शर्यत. पण हे सांगताना लोक पुढचा भाग गाळतात: ती त्याची पंधरावी पॅरिस-रूबे होती. फरसबंदीवर सायकल कशी धरायची, कुणाच्या मागे कधी जायचं, हे त्याच्या हाडात आधीच मुरलेलं होतं. ट्रेनरने त्याची ताकद राखली, कसब वर्षानुवर्षं रस्त्यावरच कमावलेलं होतं.

दुसरी बाजू जेसन ऑस्बोर्नची. हा जर्मन नौकापटू, २०२० च्या डिसेंबरात झालेली पहिली सायकलिंग ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा त्याने ट्रेनरवर जिंकली. पुढे टोकियोत नौकानयनात रौप्य मिळवलं आणि मग व्यावसायिक सायकलिंग संघात गेला. छाती आणि पाय जागतिक दर्जाचे असले तर ट्रेनर ते दाखवून देतो.

आपल्याला मात्र ३०० किमीला जागतिक दर्जाचे पाय लागत नाहीत. २० तासांत ३०० म्हणजे थांबे धरून ताशी १५. लागतं ते वेगळंच: चौदा-पंधरा तास सीटवर बसणं, तळहात बधिर न होणं, रात्री समोरच्या गाडीच्या झोतात डांबराची कड ओळखणं, दर तासाला काहीतरी खाणं आणि ते पोटात टिकणं, दोन वाजताच्या उन्हात डोकं शांत ठेवणं. आमच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, दोन वर्षांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यानंतर इथल्या कितीतरी साध्या माणसांनी सायकली घेतल्या. त्यांच्यातले जे ४००-६०० किमीच्या राइडपर्यंत पोचले, त्यांना अडवलं ते वॅटने क्वचितच. सीटच्या जखमांनी आणि पोटाने जास्त.

म्हणून माझा सल्ला: आठवड्यात तीन दिवस घरात, तास-सव्वा तास. त्यातला एक दिवस घाटासारखा: लहान चेनरिंग, केडन्स ६०-६५, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. रविवारी पाऊस असो नसो, बाहेर. जमेल तेवढं लांब, अगदी संथ. मडगार्ड लावा, दिवे लावा, घाटातले उतार पावसात टाळा. घरातले तास "दीडपट" धरून रविवार रद्द करणं, हा हिशेब नोव्हेंबरात दोनशेव्या किलोमीटरला अंगाशी येतो. घरात सायकल बांधलेली असते, सीटखालची जागा सुटत नाही, म्हणून तिथे दर दहा मिनिटांनी वीस-तीस सेकंद उभं राहून पेडल मारा. ही सवय बाहेरही कामाला येते.

---

सडेतोड_कोल्हापूर | ९ जुलै, सकाळी ६:५०

रँडो साहेब, शब्द न् शब्द पटला. माझा विरोध मागे घेत नाही, पण तुमच्या वेळापत्रकाला माझा पाठिंबा.

---

पावसाळीस्वार | १३ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं आणि आपुलकीने कोणी समजावलं नव्हतं.

आठवडाभरात केलेले बदल: जमिनीवरचा मोठा पंखा समोर, खिडकीतला एक्झॉस्ट सुरू, आकडा पेडल मीटरचा, मोठी चेनरिंग. १६० वॅटला तासाच्या शेवटी ठोके १४७. पंखा बंद ठेवून मुद्दाम एक सराव केला, तेव्हा पुन्हा १५६. पेडल आणि ट्रेनरमध्ये सहा वॅटचा फरक निघाला, वातचक्र म्हणाले तसाच. उरलेले पाच ठोके माझ्या मते सतत पेडल मारण्याचे आणि खोलीतल्या दमटपणाचे असावेत. लहान चेनरिंग लावल्यावर मांड्यांना जे वाटलं ते हुबेहूब सिंहगडाच्या मधल्या टप्प्यासारखं होतं. घाटवेडीताई, तुमचं मोजमाप आता मी वहीत लिहून ठेवलंय.

एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद) चाचणी मी एप्रिलमध्ये बाहेर केली होती (वीस मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के). घरच्या सरावाला तीच वापरू की वेगळी?

---

घाटवेडी | १३ जुलै, रात्री १०:१०

वेगळी. पंखा लावून घरात पुन्हा चाचणी करा आणि घरच्या सरावाला घरचाच आकडा वापरा. बऱ्याच जणांचा तो बाहेरच्यापेक्षा काही वॅटनी कमी येतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. बाहेरचा आकडा घरात लादलात तर प्रत्येक सराव ठरवल्यापेक्षा एक पायरी कठीण होतो आणि दोन आठवड्यांत माणूस ट्रेनरला वैतागतो.

---

ठाणेकर_डॉक्टर | १४ जुलै, सकाळी ७:००

पाण्याचंही बघा. सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. एक किलो उतरलं तर प्यायलेल्या पाण्याव्यतिरिक्त साधारण एक लिटर घाम गेला. नुसतं पाणी न पिता मीठ-साखर-लिंबू घाला. पुढच्या दिवशीच्या रविवार राइडवर याचा परिणाम दिसतो.

---

जुनीसायकल | १४ जुलै, सकाळी ९:२५

आणि त्या घामाने सायकल खाऊ देऊ नका. हँडलवर जुना टॉवेल टाका, सराव झाला की स्टेम, हेडसेट आणि सीटपोस्टचे बोल्ट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. पावसाळ्यात घरात राहिलेल्या सायकलींचे गंजलेले बोल्ट मी रस्त्यावरच्या सायकलींपेक्षा जास्त पाहिलेत. हँडलची टेप महिन्यातून एकदा सोडून आत बघा, तिथे मीठ साचतं आणि बाहेरून दिसत नाही. ट्रेनरखाली जाड रबरी चटई घाला, खालच्या मजल्यावरच्यांना पहाटे साडेपाचची घरघर जाणार नाही.